पावसाच्या वनातील फुलण्याच्या वेळा

दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यालगत, चिली देशाच्या दक्षिण भागात, चाकाओच्या सामुद्रधुनीने मुख्य भूमीपासून विलग झालेले चिलोए हे बेट जगातील अशा मोजक्या प्रदेशांपैकी आहे, जिथे वर्षावन आणि थंडी एकत्र नांदतात. वर्षावन म्हटले की विषुववृत्तालगतचे उष्ण, दमट जंगल डोळ्यांसमोर येते, आणि सह्याद्रीतील सदाहरित राया त्याच्याशी जवळचे नाते सांगतात. परंतु विषुववृत्तापासून दूर, समुद्रावरून सतत वाहणाऱ्या ओल्या वाऱ्यांच्या वाटेत उभी असलेली आणखी काही वने आहेत, जी वर्षभर भिजतात पण कधी तापत नाहीत, आणि त्यांना समशीतोष्ण वर्षावने म्हणतात. पॉल अलाबॅक या परिस्थितिकी-अभ्यासकाने १९९१मध्ये उत्तर व दक्षिण अमेरिकेतील अशा वनांची तुलना करताना त्यांची लक्षणे निश्चित केली: वर्षाला किमान १,४०० मिलिमीटर पाऊस, त्याचा किमान दहावा हिस्सा उन्हाळ्यात, सर्वांत उबदार महिन्याचे सरासरी तापमान १६ अंश सेल्सियसच्या खाली, आणि वणव्यांचे प्रमाण अत्यल्प. अलास्कापासून उत्तर कॅलिफोर्नियापर्यंतची किनारपट्टी, न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाची पश्चिम बाजू, टास्मानिया आणि दक्षिण चिली हे या वनांचे प्रमुख प्रदेश होत. १८३४ आणि १८३५ या वर्षांत ‘बीगल’ जहाजावरून चिलोएला आलेल्या चार्ल्स डार्विनला तेथील पावसाने पुरते वेढले होते, आणि त्याच्या प्रवासवर्णनात या बेटाचे हवामान वाचकाच्या लक्षात राहील इतके गडद उतरले आहे.

अशा वनात झाडे केव्हा फुलतात, फळे केव्हा धरतात आणि त्या वेळा कोण ठरवतो, हा प्रश्न वरकरणी साधा वाटतो. वनस्पतींच्या आणि प्राण्यांच्या जीवनातील ऋतुबद्ध घटनांच्या वेळांचा अभ्यास करणाऱ्या शाखेला फेनॉलॉजी म्हणतात; पालवी, कळी, फुलोरा, फळधारणा आणि पानगळ यांच्या तारखा वर्षानुवर्षे नोंदवत राहणे आणि त्या तारखांमागची कारणे शोधणे हे तिचे काम. महाराष्ट्रात या कारणांचा पहिला धागा सहज हाती येतो, कारण पावसाला स्वतःचा ऋतू असतो आणि उरलेले वर्ष त्याच्याभोवती रचले जाते. पळस, पांगारा आणि सावर निष्पर्ण होऊन कोरड्या दिवसांत फुलतात, तर गवताची फुले पाऊस उताराला लागताना सड्यांवर येतात. चिलोएत मात्र हिवाळी महिन्यांत पाऊस वाढत असला तरी उन्हाळाही कोरडा जात नाही, आणि समुद्राच्या सान्निध्यामुळे थंडी बोचरी असली तरी मारक नसते. तेथे जुलै हा ऐन हिवाळ्याचा महिना असतो, कारण दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे चालतात. त्या महिन्याचे सरासरी तापमानही गोठणबिंदूच्या बरेच वर राहते आणि बहुतेक वृक्ष पाने न गाळता उभे असतात. हवामानाचे दार कधी पूर्ण बंद होत नाही, त्यामुळे फुलण्याची वेळ निवडण्यात वनस्पतींना जी मोकळीक मिळते ती बर्फाच्छादित प्रदेशांतील वनस्पतींना मिळत नाही. या मोकळिकीचा उपयोग कोणत्या जातीने कसा केला, हा या वनांच्या अभ्यासातील सर्वांत समृद्ध भाग आहे.

हवामानाचा वाटा नाकारण्याचे कारण नाही. या अक्षांशावर उन्हाळ्यातील दिवस सुमारे १५ तासांचा आणि हिवाळ्यातील सुमारे ९ तासांचा असतो, आणि दिवसाच्या लांबीतील हा बदल वर्षागणिक न चुकणारा असल्याने अनेक वनस्पती त्यावरूनच काळ ओळखतात. ऊब आणि प्रकाश वाढला की अन्ननिर्मिती वाढते, कीटक उडू लागतात, आणि साहजिकच बहुतेक जाती वसंत व उन्हाळा, म्हणजे सप्टेंबर ते फेब्रुवारी या काळात फुलतात. मापुचे या मूळनिवासी समाजाला पवित्र असलेला कानेलो वृक्ष वसंतात पांढरी फुले धरतो. नोत्रोची लालभडक झुबकेदार फुले ऑक्टोबरपासून रानाच्या कडा उजळतात. भर उन्हाळ्यात उल्मो हा मोठा वृक्ष पांढऱ्या, सुवासिक फुलांनी झाकला जातो आणि त्याच्या मधावर दक्षिण चिलीतील अनेक मधपाळांचा वर्षाचा हिशेब अवलंबून असतो. फुलोऱ्याच्या त्या आठवड्यांत पाऊस लागून राहिला तर मधमाश्या पोळ्याबाहेर पडत नाहीत, आणि फुले असूनही मध मिळत नाही. पाऊस परागकण धुऊन नेतो, मकरंद पातळ करतो आणि कीटकांना जमिनीवर बसवतो, म्हणून सततच्या पावसाच्या वनात फुलण्याची वेळ निवडणे म्हणजे मुख्यतः विश्वासू वाहक केव्हा उपलब्ध असेल याचा अंदाज बांधणे होय.

सेसिलिया स्मिथ-रामिरेस आणि हुआन आर्मेस्तो यांनी चिलोएतील वृक्ष, झुडपे आणि वेली यांच्या फुलण्या-फळण्याच्या वेळांचा पद्धतशीर अभ्यास करून तो १९९४मध्ये ‘जर्नल ऑफ इकॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला, आणि दक्षिण गोलार्धातील समशीतोष्ण वर्षावनांविषयी बोलताना तो आजही आधारभूत मानला जातो. त्यांनी वेळांकडे दोन्ही बाजूंनी पाहिले: हवामानाचे बंधन किती आणि परागण करणाऱ्या व बीज वाहणाऱ्या प्राण्यांचा वाटा किती. हा दुसरा प्रश्न या वनात विशेष महत्त्वाचा ठरतो, कारण दक्षिण अमेरिकेच्या या वनातील काष्ठमय वनस्पतींच्या सुमारे एक-पंचमांश प्रजातिगटांची फुले पक्ष्यांसाठी घडलेली आहेत, आणि त्यांतील बहुतेकांचा भार एकाच पक्ष्यावर आहे. तो पक्षी म्हणजे हिरव्या पाठीचा, जेमतेम पाच-सहा ग्रॅम वजनाचा एक हमिंगबर्ड, ज्याच्या नराच्या माथ्यावर अंगाराच्या रंगाचा चमकता पट्टा असतो. उष्ण कटिबंधात हमिंगबर्डच्या डझनावारी जाती एकमेकांच्या शेजारी वावरतात; इथे एका जातीवर वनाचा एवढा मोठा हिस्सा विसंबून असणे ही जगातील वनांमध्ये विरळा गोष्ट आहे.

उष्ण रक्ताचा हा पक्षी रिमझिमीत आणि गारठ्यातही उडतो, जेव्हा माश्या उडत नाहीत. त्याच्यासाठी फुललेल्या वनस्पतींची फुले बहुधा लाल, नळीसारखी आणि खाली लोंबणारी असतात. लोंबत्या फुलाच्या नळीत पाण्याचे थेंब शिरत नाहीत, हा पावसाच्या प्रदेशातील त्याचा उघड फायदा. वसंताच्या सुरुवातीला पिलपिल दे कानास्ता या वेलीची नारिंगी-लाल फुले येतात, मग नोत्रो, मग महिनोन्महिने फुलणारा चिल्को, ज्याला बागकाम करणारे फ्यूशिया म्हणून ओळखतात, मग बोतेयीता आणि एस्त्रेयीता या खोडांवर चढणाऱ्या वेली, आणि उन्हाळा सरता सरता ताइके व कोइकोपिहुए. पक्ष्याच्या दृष्टीने पाहिले तर मकरंदाची ही रांग जवळजवळ खंडत नाही. वनस्पतींच्या दृष्टीने पाहिले तर, एका पक्ष्यासाठी सर्वांनी एकाच वेळी स्पर्धा करण्यापेक्षा वेळा वाटून घेणे हिताचे, असे म्हणण्याचा मोह होतो.

या मोहाला आवर घालणेही आवश्यक आहे. गॅरी स्टाइल्स या पक्षितज्ज्ञाने १९७७मध्ये कोस्टा रिकातील उष्ण कटिबंधीय वनात हमिंगबर्डच्या फुलांचे हंगाम परस्परांना टाळून समान अंतरावर रचलेले आहेत, असे प्रतिपादन केले. दोनच वर्षांनी रॉबर्ट पूल आणि बेव्हर्ली रॅथकी यांनी त्याच नोंदींवर संख्याशास्त्रीय कसोटी लावून दाखवले की त्या वेळा समान अंतरावर नसून उलट एकवटलेल्या आहेत. माणसाच्या डोळ्याला रांग दिसली म्हणजे ती कोणीतरी लावलेली असतेच असे नाही, हे त्या वादाने फेनॉलॉजीच्या अभ्यासकांना शिकवले, आणि तेव्हापासून कोणतीही सुबक रचना मान्य करण्यापूर्वी ती निव्वळ योगायोगाने निर्माण होऊ शकते का, हे तपासण्याची शिस्त या शास्त्रात रुजली. चिलोएतील रांगेबद्दलही तीच सावधगिरी बाळगली पाहिजे. मात्र या रांगेत एक दुवा असा आहे की ज्याचे स्पष्टीकरण केवळ योगायोगाने होणे कठीण आहे.

तो दुवा म्हणजे एक बांडगूळ. महाराष्ट्रातील आंब्याच्या फांद्यांवर वाढणारे बांडगूळ सर्वांच्या परिचयाचे आहे. त्याच कुळातील ‘किन्त्राल’ हे लाल फुलांचे बांडगूळ चिलीत अनेक जातींच्या झाडांवर वाढते. आंब्यावरच्या बांडगुळाकडे फुलांसाठी शिंजीर येतात आणि फळांसाठी फुलटोच्या येतो, आणि फळातील चिकट बी फांदीवर चिकटले की नवे रोप रुजते. दक्षिणेतील वनातल्या किन्त्रालचा हंगाम विलक्षण आहे: बाकीचे वन विसावत असताना, शरदात ते फुलू लागते आणि सारा हिवाळा ओलांडून वसंतापर्यंत फुलत राहते. या काळात काही हमिंगबर्ड उत्तरेकडे सरकतात, पण जे मागे राहतात त्यांच्यासाठी किन्त्राल हाच मकरंदाचा मुख्य आणि अनेक ठिकाणी जवळजवळ एकमेव आधार असतो. या पक्ष्यावर विसंबलेल्या इतर वनस्पतींच्या वसंतातील व उन्हाळ्यातील परागणाची सोय, एका परीने, हिवाळ्यात या परजीवी वनस्पतीने पक्ष्याला जगवल्यामुळे होते. ज्याला शेतकरी उपद्रव समजून छाटतो, त्या वनस्पतिगटाकडे वनाचे इतके मोठे ऋण असावे, ही गोष्ट आदराने लक्षात घ्यावी अशी आहे.

किन्त्राल हिवाळ्यात का फुलते, या प्रश्नाचे पहिले उत्तर म्हणजे तेव्हा पक्ष्यासाठी स्पर्धा नसते. पण हे उत्तर अपुरे असू शकते, कारण फूल हा फळाचा आरंभ आहे आणि फूल केव्हा येते यावर फळ केव्हा पिकते हे अवलंबून असते. गिलेर्मो आमिको आणि मार्सेलो आयसेन यांनी २०००मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले की आंदीज पर्वताच्या अर्जेंटिनाकडील वनात या बांडगुळाच्या बिया पक्षी पसरवत नाहीत. ते काम एक लहानसा निशाचर सस्तन प्राणी करतो. चिलीत त्याला मोनितो देल मोंते म्हणतात. तो उंदराएवढा दिसत असला तरी शिशुधानी आहे, म्हणजे कांगारूप्रमाणे अपुऱ्या वाढीची पिले पोटाशी असलेल्या पिशवीत वाढवणाऱ्या प्राण्यांपैकी. आणि त्याच्या संपूर्ण गणाचा तो आज उरलेला प्रतिनिधी आहे, ज्याचे नाते अमेरिकेतील इतर शिशुधानींपेक्षा ऑस्ट्रेलियातील शिशुधानींशी अधिक जवळचे आहे. दक्षिण अमेरिका, अंटार्क्टिका आणि ऑस्ट्रेलिया ही भूमी गोंडवन नावाच्या एकाच महाखंडाचा भाग होती, ज्यात भारतही होता, त्या काळाची आठवण या प्राण्याच्या रक्तात आहे. बांडगुळाचे फळ त्याच्या आतड्यातून गेल्याशिवाय बी नीट रुजत नाही; फळ पिकले तरी हिरवेच राहते, कारण रात्री वासाने शोधणाऱ्याला रंगाचे प्रयोजन नसते.

हा प्राणी थंडीत शीतनिद्रा घेतो, म्हणजे शरीराचे तापमान उतरवून आणि चयापचय मंदावून महिनोन्महिने निपचित पडून राहतो. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात तो भरपूर खातो आणि शेपटीच्या बुंध्याशी चरबी साठवतो. बांबूच्या पानांचे आणि शेवाळाचे घरटे करून त्यात हिवाळा काढतो. याचा अर्थ असा की बांडगुळाचे फळ उन्हाळ्यातच पिकले पाहिजे, एरवी ते नेणारा जागा नसेल. आणि फळ पिकायला लागणारे महिने मागे मोजत गेले की फूल थंडीच्या दिवसांत येऊन पडते. आयसेन यांनी २००३मध्ये हिवाळी फुलोऱ्याचा विचार करताना म्हणूनच परागण आणि बीजप्रसार ही दोन्ही अंगे एकत्र घेतली. एका पक्ष्याचा जागेपणा आणि एका सस्तन प्राण्याची झोप यांच्यामध्ये एका वनस्पतीचे वर्ष बसवले गेले आहे, आणि त्या दोघांची कधी गाठ पडण्याचेही कारण नाही, कारण एक दिवसा उडतो आणि दुसरा रात्री चढतो.

तथापि प्रत्येक वेळेमागे आजच्या सोबत्यांचा हिशेब शोधणे योग्य नव्हे. जॉन कॉक्मर आणि स्टीव्हन हँडल यांनी १९८६मध्ये अमेरिकेच्या कॅरोलायना प्रांतांतील आणि जपानमधील वनस्पतींच्या फुलण्याच्या वेळांची तुलना केली, तेव्हा दोन्ही ठिकाणी एकाच कुळातील वनस्पती साधारण एकाच काळात फुलतात असे आढळले. म्हणजे एकमेकांपासून दूरच्या दोन प्रदेशांत वेगळे कीटक आणि वेगळे शेजारी असूनही कुळाची सवय टिकून राहिली होती. चिलोएतही असे काही दिसते. जांभळाच्या कुळातील अनेक जाती तेथे आहेत, आणि आराय्यान हा गुळगुळीत, दालचिनीच्या रंगाच्या सालीचा सुंदर वृक्ष उन्हाळ्याच्या मध्यापासून पुढे फुलून शरदात जांभळी-काळी, खाण्याजोगी फळे देतो. तेपू हे पाणथळ जमिनीतील त्याचे नातलगही उन्हाळ्यातच फुलते. मुर्ता या त्यांच्या आणखी एका नातलगाची लाल, सुवासिक फळे उन्हाळ्याच्या अखेरीस गोळा करून चिलोएतील घरांत मुरंबे आणि मद्य केले जाते. वनस्पतीला पूर्वजांकडून केवळ पानांचा आकार आणि फुलाची ठेवण मिळत नाही, काळाचे वळणही मिळते, आणि ते बदलायला जितका काळ लागतो तितक्यात कधी कधी सोबतीच बदलून गेलेले असतात.

फळांची गोष्ट फुलांहून अधिक गुंतागुंतीची आहे. आर्मेस्तो आणि रिकार्डो रोसी यांनी १९८९मध्ये दाखवले की चिलोएतील काष्ठमय वनस्पतींपैकी बहुसंख्य जातींची फळे गरयुक्त आहेत आणि त्यांच्या बिया प्राणी वाहतात. समशीतोष्ण वनात हे प्रमाण अनपेक्षितपणे मोठे आहे. ही फळे मुख्यतः उन्हाळ्याच्या उत्तरार्धापासून शरदापर्यंत पिकतात. त्यांचा एक मोठा ग्राहक म्हणजे फीओ-फीओ हा स्वतःच्या शिळेवरून नाव मिळालेला पक्षी, जो वसंतात ब्राझीलकडून हजारो किलोमीटरचा प्रवास करून येतो आणि उन्हाळा संपता संपता परत जातो. त्याच्या प्रयाणापूर्वी पिकलेल्या फळांना दूरचा वाहक मिळतो. उशिरा पिकलेल्या फळांना बारमाही राहणाऱ्या सोर्साल या कस्तुरकुळातील पक्ष्यावर विसंबावे लागते. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील वर्षावनात याच्या उलट क्रम दिसतो: तिथे सॅमनबेरी हे झुडूप वसंताच्या आरंभीच, दक्षिणेकडून येणाऱ्या तांबूस हमिंगबर्डच्या आगमनाच्या सुमारास फुलते, आणि त्याची फळे उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच पिकतात, जेव्हा स्थलांतर करून आलेला एक कस्तुर रानात गात असतो. किनाऱ्यावरील मूळनिवासी समाजांनी त्या पक्ष्याच्या गाण्याची आणि फळ पिकण्याची सांगड शास्त्रज्ञांच्या फार पूर्वी घातली होती.

काही वनस्पती वर्षाच्या हिशेबात बसतच नाहीत. किला हा चिलीतील बांबू अनेक वर्षांनी एकदम फुलतो, विपुल बी धरतो आणि मरतो. त्या बियांवर उंदीर बेसुमार वाढतात आणि मग शेतांवर व घरांवर येतात, म्हणून किलाचा फुलोरा तिथे दुर्भिक्षाची सूचना मानला गेला. सह्याद्रीतील कारवी आणि मिझोरममधील बांबू यांची आठवण इथे अपरिहार्य आहे. न्यूझीलंडच्या वर्षावनात रिमू हा वृक्ष काही वर्षांच्या अंतराने भरघोस फळतो, त्याची फळे पिकायला वर्षाहून अधिक काळ लागतो, आणि काकापो हा न उडणारा, निशाचर पोपट फळांचा भर येणार असेल तेव्हाच प्रजनन करतो. दोन ते चार वर्षे थांबून केलेला हा अंदाज फळे न पिकताच गळाल्यास पिलांच्या जिवावर बेततो. डेव्ह केली आणि सहकाऱ्यांनी २०१३मध्ये मांडले की अशा भरघोस फळण्याचा संकेत उष्णतेत नसून लागोपाठच्या दोन उन्हाळ्यांच्या तापमानांतील फरकात असतो. झाडाला एखादे वर्ष किती तापले यापेक्षा ते आदल्या वर्षाहून किती वेगळे होते हे कळते. पृथ्वी सावकाश तापत गेली तरी असा संकेत फारसा विस्कटणार नाही, असा त्याचा एक दिलासादायक अर्थ निघतो. पण पक्षी, कीटक आणि झोपणारे सस्तन प्राणी यांचे संकेत वेगळे आहेत, आणि सोबत्यांपैकी एकाचे घड्याळ स्थिर राहून दुसऱ्याचे पुढे सरकले तर वेळ जुळत नाही.

या वनांतील वेळा आज हवामानापेक्षाही वेगाने सोबती गमावून बिघडत आहेत. १९९०च्या दशकाच्या अखेरीस पिकांच्या परागणासाठी युरोपातील भुंगेरी माशी चिलीत आणली गेली. ती रानात पसरली, आणि सोनेरी-तांबूस रंगाची स्थानिक महाकाय भुंगेरी माशी तिच्या वाटेतून झपाट्याने नाहीशी होत गेली. ही परकी माशी चिल्कोच्या फुलाच्या बुंध्याशी भोक पाडून मकरंद चोरते, परागकणांना स्पर्शही न करता. दुसरीकडे, वन तोडून त्याचे तुकडे उरले की मोनितो देल मोंते त्या तुकड्यांत टिकत नाही, कारण तो उघड्या मैदानातून जात नाही. २००७मध्ये मारियानो रोद्रिगेस-कबाल आणि सहकाऱ्यांनी दाखवले की अशा तुकड्यांत बांडगुळाच्या फळांचा आणि बियांचा प्रसार कोलमडतो. बांडगूळ गेले की हिवाळ्यातील मकरंद जातो, आणि हिवाळ्यात पक्षी न जगल्यास उन्हाळ्यातील फुलांचे काय होईल, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. झाडांची संख्या मोजून वन वाचले की नाही हे ठरवणारी सर्व मोजमापे इथे फसवी ठरतात, कारण झाड शंभर वर्षे उभे राहू शकते आणि तरीही त्याच्या मागे एकही रोप येत नाही.

म्हणून या वनांसाठी सर्वांत निकडीची गोष्ट म्हणजे नोंदी. दोन वर्षांच्या निरीक्षणातून वार्षिक फुलोरा कळतो. काही वर्षांनी येणारा फळांचा भर, बांबूचा फुलोरा आणि परकी माशी आल्यानंतरचा बदल कळायला दशके लागतात. चिलोएच्या उत्तर भागात सेंदा दार्विन हे लहानसे जैविक संशोधन केंद्र १९९०च्या दशकापासून या वनाचा दीर्घकालीन अभ्यास करत आहे, आणि अशा केंद्रांचे मोल त्यांतून निघणाऱ्या एखाद्या गाजलेल्या शोधनिबंधात नाही. ठरावीक झाडांपाशी दर महिन्याला जाऊन कळी, फूल, कच्चे फळ, पिकलेले फळ अशा रकान्यांत खुणा करणाऱ्या माणसांची साखळी तुटू न देण्यात आहे. भारतातही ‘सीझनवॉच’ या उपक्रमात शाळकरी मुले आणि सामान्य नागरिक आपल्या परिसरातील एखादे झाड निवडून आठवड्याला अशीच नोंद करतात. महाराष्ट्रातील ज्या वाचकांच्या दारात आंबा, बहावा, पळस किंवा जांभूळ आहे, त्यांनी याच आठवड्यापासून त्याची नोंद सुरू करावी, आणि ती एका वर्षावर थांबवू नये.